दिसते कूल, लागते जाळ!

पंधरा ऑगस्ट शुक्रवारी किंवा सोमवारी आला की ऑफिसच्या ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. 'कुठी जायचं बे?' एक जण म्हणतो, चिखलदरा. त्यावर लगेच तिघांची जांभई. अरे, तिथे तर दर पावसाळ्यात जातोच आपण! मग कोणाला तरी साक्षात्कार होतो, 'समुद्र पाहू ना राजेहो!' झालं. अंबा एक्स्प्रेसचं बुकिंग बघितलं जातं, वेटिंग लिस्ट पाहून दोघं गळतात, उरलेले अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला असे टप्प्याटप्प्याने गाडीत चढतात आणि सकाळी मुंबई! तिथून जुहू, नाहीतर पुढे अलिबाग, गणपतीपुळे, गोवा... सुट्टी आणि बजेट ताणेल तितकं.

आपण वऱ्हाडातली मंडळी. आपल्यासाठी दर्या म्हणजे दर्यापूर आणि खारं पाणी म्हणजे पूर्णेकाठचा खारपाणपट्टा! सहा-सातशे किलोमीटर कापून गेलेला माणूस समुद्र नुसता लांबून बघत बसत नाही. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत आणि सरळ पाण्यात. अशात ओल्या वाळूवर काहीतरी चमकतं. निळंशार, पारदर्शक, छोट्या फुग्यासारखं. बाजूला निळ्या दोऱ्यांचा गुंता. इतकं सुंदर की पहिली प्रतिक्रिया एकच असते, 'ए, हातात धर, फोटो काढतो!'

स्टॉप! हात लावायचा नाही. तो फुगा वाळून पडलेला असो, मेलेला असो, अर्धा तुटलेला असो. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत नेमका हाच सीन झाला होता. जुहूसह शहराच्या किनाऱ्यांवर हे निळे फुगे ढिगाने वाहून आले आणि दोन-तीन दिवसांत दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात बागा, कळंगुट, कांदोळी आणि दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यांवर अवघ्या दोन दिवसांत नव्वदहून जास्त पर्यटकांवर जीवरक्षकांनी जेलीफिशच्या डंखाचे प्रथमोपचार केले. बहुतेकांचं काम थोडक्यात निभावलं, पण एका तरुणाच्या छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना आणि त्याला ऑक्सिजन लावून हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्याआधी सप्टेंबर २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भक्तांना पाकट मासे आणि जेलीफिशचा प्रसाद मिळाला होता. तेव्हापासून विसर्जनाला अनवाणी पाण्यात जाऊ नका, असं मुंबईत वारंवार सांगितलं जातं.

गंमत बघा, सुट्टीचा सीझन आणि या फुग्यांचा सीझन पश्चिम किनाऱ्यावर बरोबर एकमेकांवर येतो. त्यामुळे या पाहुण्यांची नीट ओळख करून घेणं हे आपल्यासारख्या वर्षातून एकदाच समुद्रावर जाणाऱ्यांसाठी जास्त गरजेचं आहे. कोळ्याच्या पोराला हे लहानपणीच कळतं. आपल्याला कोण सांगणार?

फुगा नव्हे, अख्खी सोसायटी!

पहिला धक्का म्हणजे हा निळा फुगा खऱ्या अर्थाने जेलीफिश नाहीच. इंग्रजीत त्याला 'ब्लू बॉटल' किंवा 'पोर्तुगीज मॅन ओ' वॉर' म्हणतात. शिडाच्या जुन्या लढाऊ जहाजासारखा दिसतो म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव फायसेलिया. जेलीफिशच्या खानदानातलाच, पण चुलत घरातला. आणि तो एक प्राणी नाही, ती वसाहत आहे. एकाच अंड्यातून निघालेले, एकमेकांना जोडलेले अनेक छोटे जीव आणि प्रत्येकाचं खातं वेगळं! एक तरंगण्याचं बघतो, काही शिकार करतात, काही जेवण पचवतात, काही पुढच्या पिढीची सोय करतात. जेवणाऱ्याला शिकार जमत नाही, शिकाऱ्याला जेवता येत नाही. तरी एक मीटिंग नाही, एक ई-मेल नाही, आणि काम चोख. कुठल्याही एचआर मॅनेजरने हेवा करावा असं टीमवर्क!

वरच्या फुग्यात हवा असते आणि त्या हवेत चक्क कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असतो. गाडीच्या धुरात असतो तोच. फुग्याच्या वरच्या कडेला चुण्या असतात, तेच त्याचं शीड. या प्राण्याला पोहता येत नाही. वारा नेईल तिकडे जायचं, एवढंच त्याच्या हातात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्याकडे सुटतो आणि या शिडांना घेऊन येतो. म्हणूनच ऑगस्टमध्ये जुहूला गर्दी!

यातही निसर्गाची एक सही ट्रिक आहे. काहींचं शीड डावीकडे झुकलेलं असतं, काहींचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात काही इकडे वाहतात, काही तिकडे. एका वादळात अख्खी जमात किनाऱ्यावर येऊन मरू नये, याचा तो बंदोबस्त.

फुगा दिसतो, दोऱ्या दिसत नाहीत. खरा लोचा इथेच आहे. मोठ्या मॅन ओ' वॉरच्या दोऱ्या दहा मीटरपर्यंत सहज जातात, क्वचित तीस मीटरपर्यंतही. आपल्याकडे येणारे फुगे बहुधा लहान, अंगठ्याएवढे किंवा थोडे मोठे. पण त्यांचीही मुख्य दोरी अंगाच्या कितीतरी पट लांब असते. म्हणजे फुगा तिकडे आणि डंख इकडे. लाटेत तुटलेला तुकडा तर दिसतही नाही.

राग नाही, लोभ नाही... तरी डंख!

आता मुद्द्याची गोष्ट. साप चावतो तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं. तो घाबरलेला असतो, त्याच्यावर पाय पडलेला असतो. विंचवाचंही तसंच. जेलीफिशचं तसं नाही. तिला मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. अंगात जवळजवळ ९५ टक्के पाणी. तुम्ही आलात हे तिला कळतसुद्धा नाही. डंख मारतात त्या तिच्या दोऱ्यांवरच्या पेशी, आणि त्या मालकिणीची परवानगी विचारत नाहीत!

बारावीला बायोलॉजीच्या जर्नलमध्ये हायड्राची आकृती काढली होती, आठवतं? तो हायड्रा या जेलीफिशचा गोड्या पाण्यातला नातेवाईक. त्याच्या दंशपेशीही याच धर्तीच्या. पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असते. कुपीत विष आणि स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोकळ, टोकदार नळी. बाहेर केसासारखा ट्रिगर. आतला दाब सुमारे १५० बार. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार असतो, यावरून अंदाज घ्या. माशाच्या किंवा माणसाच्या कातडीचा स्पर्श झाला, तिच्यावरची रसायनं जाणवली, की झाकण उडतं, नळी उलटी होत बाहेर येते, कातडीत घुसते आणि विष सोडते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी हायड्राच्या कुपीचं हे फुटणं अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. मुख्य झटका फक्त ७०० नॅनोसेकंदांचा. म्हणजे एका सेकंदाचे चौदा लाख तुकडे करा, त्यातला साधारण एक. सजीवांच्या दुनियेतल्या सर्वात वेगवान हालचालींपैकी ही एक आहे. आपली पापणी लवायलाही यापेक्षा लाखो पट जास्त वेळ लागतो.

दोरीच्या एवढ्याशा तुकड्यावर अशा हजारो कुप्या. तुम्ही हात लावलात तेव्हा त्यातल्या काहीच फुटतात. बाकीच्या भरलेल्या बंदुकीसारख्या तशाच बसून राहतात, तुमच्या कातडीला चिकटून.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. प्राणी मेला तरी कुप्या मरत नाहीत, म्हणून वाळूवरच्या मेलेल्या फुग्यालाही हात लावायचा नाही. दुखतंय म्हणून चोळलं तर दाबाने उरलेल्या कुप्या फुटतात, म्हणून चोळायचं नाही. वाळूने घासलं तरी तेच. बिसलेरीच्या गोड्या पाण्याने धुतलं तर खारटपणा एकदम बदलतो आणि कुप्या पुन्हा फुटू शकतात, म्हणून धुवायचं ते समुद्राच्याच पाण्याने. पाठांतर करायची गरजच नाही. 'माझ्या हातावर अजून न फुटलेले फटाके चिकटलेत' असं समजून वागायचं, बस!

शेतातलं शहाणपण बीचवर चालत नाही

आपल्याकडे विषारी प्राण्यांची कमी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं... शेती असलेल्या प्रत्येक घरात एखादा किस्सा असतोच. आणि त्या किश्शात कोणीतरी दोरीने हात करकचून बांधलेला असतो, ब्लेडने जखम केलेली असते, तोंडाने विष ओढलेलं असतं. हे सगळं सापासाठीसुद्धा चूकच आहे. साप चावला तर माणसाला शांत ठेवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेलं हॉस्पिटल गाठायचं. पण संकट आलं की माणूस शिकलेलं विसरतो आणि आजोबांचं आठवतो. म्हणूनच बीचवर कोणी किंचाळलं की आपल्यातला एखादा भाऊ रुमाल काढून बांधायला धावतो. जेलीफिशच्या डंखावर घट्ट बांधलं तर काय होईल? बरोबर. दाब, आणि उरलेले फटाके फुटणार.

दुसरा फरक औषधाचा. आपल्याकडचं सर्पदंशाचं प्रतिविष या चार सापांसाठी बनतं. निळ्या बाटलीसाठी असं कुठलंही प्रतिविष नाही. तिथे वेदना कमी करणं आणि अॅलर्जीवर नजर ठेवणं हाच उपचार.

विष ओळखून उपचार बदलला तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं हृदय निकामी होऊन मरत होती. बावस्करांनी रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसून विषाचा परिणाम कसा पुढे सरकतो याच्या नोंदी केल्या, त्या 'लॅन्सेट'सारख्या जर्नलमध्ये छापून आल्या आणि रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरलं. ४० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू बदलला नाही, विष बदललं नाही. ते विष शरीरात नेमकं काय करतं हे फक्त कोणीतरी नीट बघितलं.

जेलीफिशनेही वैद्यकशास्त्राला असंच एक मोठं कोडं सोडवायला लावलं. १९०१ मध्ये मोनाकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ याच फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करायला निघाले. घरी परतल्यावर त्यांनी तिच्या नात्यातल्या समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. वाटलं होतं, थोडं-थोडं विष दिलं की कुत्र्यांना सवय होईल. झालं उलटं. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या छोट्याशा डोसने कोसळला. शरीराच्या या अतितीव्र अॅलर्जीला त्यांनी नाव दिलं 'अॅनाफिलॅक्सिस'. त्याबद्दल रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की 'मागच्या वर्षीही लागली होती, काही झालं नाही' हे वाक्य धोक्याचं आहे. दुसऱ्या वेळी शरीर वेगळं वागू शकतं.

आणि खऱ्या जेलीफिशचं काय?

खऱ्या जेलीफिशचं आयुष्य एखाद्या सायन्स फिक्शन सिनेमासारखं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोहत-पोहत एखाद्या दगडावर, शिंपल्यावर किंवा जेटीच्या खांबावर जाऊन चिकटतं आणि छोट्या फुलासारखं होतं. तसंच महिनोन्महिने राहतं. मग हवामान जुळलं की त्याच्या अंगावर आडव्या खाचा पडतात. पोळ्यांची चवड रचावी तशा चकत्या तयार होतात आणि एकेक चकती सुटून तरंगायला लागते. प्रत्येक चकती म्हणजे एक नवी जेलीफिश! एकाच 'फुला'तून अशा अनेक निघतात. म्हणून काल स्वच्छ असलेल्या खाडीत एकाएकी जेलीफिशच जेलीफिश दिसायला लागतात.

बहुतेक जाती माणसाला फारशा त्रासदायक नाहीत. पण या खानदानात एक खरीखुरी डॉन आहे, 'बॉक्स जेलीफिश'. डोकं घुमटासारखं गोल नसून चौकोनी, म्हणून हे नाव. त्यातली सर्वात खतरनाक 'कायरोनेक्स फ्लेकेरी' ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर सापडते. जवळजवळ पारदर्शक अंग, साठपर्यंत दोऱ्या, तीन मीटरपर्यंत लांब. जानेवारी १९५५ मध्ये तिथल्या कार्डवेल गावाजवळ पाच वर्षांचा एक मुलगा पाण्यात दगावला आणि त्या शोधातून ही जात विज्ञानाला माहीत झाली. १९५६ मध्ये तिचं नामकरण झालं. हिचा डंख मोठ्या भागावर लागला तर काही मिनिटांत हृदय थांबू शकतं. १९७० पासून ऑस्ट्रेलियात हिच्यासाठी प्रतिविष मिळतं. तिथले जीवरक्षक पूर्वी बायकांचे पायमोजे, म्हणजे पँटीहोज, घालून पाण्यात उतरायचे! एवढ्या पातळ कापडानेही कुप्यांचा ट्रिगर कातडीपर्यंत पोचत नाही, म्हणून. आता लायक्राचे सूट आले, तत्त्व तेच.

हिची एक बहीण तर नखाएवढी असते. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या डॉ. जॅक बार्न्स यांना संशय होता की तिथल्या एका गूढ आजाराला ही इवलीशी जेलीफिशच जबाबदार आहे. सिद्ध करायला १९६१ मध्ये त्यांनी ती पकडून स्वतःला डंख करून घेतला. स्वतःपुरतं ठीक, पण सोबत नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकालाही! तिघंही हॉस्पिटलमध्ये. वाचले, आणि त्या जेलीफिशला 'कारुकिया बार्नेसी' हे नाव मिळालं. आपल्या देशी आयांच्या हाती हे बाबा लागले असते तर जेलीफिश परवडली असती!

बॉक्स जेलीफिश नुसती वाहत नाही, ती पोहते. तिला चोवीस डोळे असतात. मेंदू मात्र नाही. तरी कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या जातीवर कोपनहेगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ती अनुभवातून शिकते. खारफुटीच्या मुळांवर दोन-चारदा आपटली की काही मिनिटांत अंतर राखून पोहायला लागते. मेंदू असून तीच चूक वर्षानुवर्षं करणारे आपल्या ऑफिसात किती आहेत, हे तुम्हीच मोजा!

साताऱ्याची, गोड्या पाण्यातली

'बरं झालं बाप्पा, आपल्याकडे समुद्रच नाही,' असं म्हणत असाल तर आणखी एक गोष्ट ऐका. जेलीफिशला समुद्रच लागतो असं नाही. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या कोयना आणि वेण्णा नद्यांच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडली. ती आफ्रिकेतल्या तलावांमधल्या जेलीफिशच्या जवळच्या नात्यातली निघाली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नेल्सन अॅनंडेल यांनी तिचं वर्णन केलं, नाव दिलं 'लिम्नोक्निडा इंडिका'. ही नाण्याएवढी जेलीफिश माणसाला काही करत नाही.

ती शोधणारा माणूस मराठी होता. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म मालवणचा, तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. पुढे ते मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, कलकत्ता विद्यापीठात प्रोफेसर झाले आणि १९४६ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक झाले. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. आता नावाचा घोळ बघा. ही संस्था आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर! आगरकर म्हणजे 'सुधारक'कार, आपल्या अकोल्यात शाळा शिकलेले. आघारकर वेगळे. पुढच्या वेळी पुण्याच्या मित्राला हा प्रश्न टाकून बघा, भलेभले गडबडतील.

गर्दी आणि कासवं

जेलीफिश वाढतायत का? जगात काही ठिकाणी नक्कीच वाढल्यात, सगळीकडे सरसकट नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. कारणं ओळखीची आहेत. समुद्र तापतोय. त्यांच्या वाट्याचं खाणारे मासे माणसाने उपसले. सांडपाण्याने पाण्यात प्राणवायू कमी झाला, तो जेलीफिशला चालतो, माशांना नाही. शिवाय बंदरं, जेट्या, खांब म्हणजे त्या 'फुलां'ना चिकटायला रेडिमेड जागा. मासेमाराच्या जाळ्यात माशांऐवजी जेलीफिशचा लगदा आला की दिवसाची मजुरी पाण्यात. तामिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राला तर थंड पाणी ओढणाऱ्या पाइपात अडकणाऱ्या जेलीफिशनी अनेक वर्षं डोकेदुखी दिली आहे.

त्यांना खाणारे कोण? समुद्री कासवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ज्यांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला आपण जातो, त्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या जेवणातही जेलीफिश असते. आणि पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसते कशी? जेलीफिशसारखी. बीचवर वेफर्स संपल्यावर पिशवी कुठे टाकायची, हे एवढ्यासाठी महत्त्वाचं.

'फ्रेण्ड्स'वाला उपाय विसरा!

१९९७ च्या 'फ्रेण्ड्स'च्या एका एपिसोडमध्ये मोनिकाला जेलीफिश डसते आणि दोस्तमंडळी तिच्या पायावर... जाऊ द्या, ज्यांनी बघितलंय त्यांना माहितेय! तो जोक म्हणून ठीक. प्रत्यक्षात लघवीने उपयोग होत नाही, उलट उरलेल्या कुप्या फुटू शकतात. बीअर, रम ओतणंही तसलंच.

मग उपयोग कशाचा? गरम पाण्याचा. ऑस्ट्रेलियात निळ्या बाटलीच्या डंखावर पेशंट घेऊन तुलना केली गेली. ४५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवलेल्यांच्या वेदना बर्फ लावलेल्यांपेक्षा जास्त कमी झाल्या. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. व्हिनेगरचं थोडं वेगळं आहे. बॉक्स जेलीफिशच्या डंखावर ते न फुटलेल्या कुप्या निकामी करतं, म्हणून उत्तर ऑस्ट्रेलियाच्या बीचवर त्याच्या बाटल्याच ठेवलेल्या असतात. निळ्या बाटलीवर मात्र तिथे ते लावायला सांगत नाहीत. हवाईतल्या संशोधकांचं मत याच्या उलट आहे. आपल्या किनाऱ्यावर समोर निळा फुगा असेल तर समुद्राचं पाणी आणि गरम पाणी, एवढं पुरे.

आणि घाबरून ट्रिप कॅन्सल करू नका! निळ्या बाटलीने मृत्यू होणं अतिशय दुर्मीळ. बहुतेकांना चाबकाच्या वळासारखी लाल रेघ उठते, तासभर जाम आग होते आणि मग विषय संपतो. पाण्यात जायच्या आधी वाळूवर एक नजर टाका. एक निळा फुगा दिसला तर पाण्यात आणखी असणार, हे धरून चाला. जीवरक्षकाला विचारा. तो रोज तिथे असतो, तुम्ही वर्षातून एकदा.

निघण्याआधी हे फोनमध्ये सेव्ह करा

१. डंख झाला की आधी पाण्याबाहेर या. घाबरून खोल पाण्यात धडपडणं डंखापेक्षा धोक्याचं.

२. चोळू नका, वाळूने घासू नका, रुमाल-दोरी बांधू नका, गोडं पाणी ओतू नका.

३. समुद्राच्या पाण्याने दोऱ्या धुऊन काढा. उरलेल्या चिमट्याने किंवा जाड प्लॅस्टिक हाताला गुंडाळून उचला.

४. सोसवेल इतक्या गरम पाण्यात (सुमारे ४५ अंश) वीस मिनिटं ठेवा. उकळतं नको, आधी दुसऱ्याने हात घालून बघा. बीचवरच्या चहाच्या टपरीवर गरम पाणी मिळतं! तेही नसेल तर कोरडा बर्फाचा पॅक.

५. श्वास लागणं, छातीत दुखणं, उलट्या, चक्कर, तोंड-ओठ सुजणं, डोळ्याला डंख, खूप मोठ्या भागावर डंख किंवा पेशंट लहान मूल, यातलं काहीही असेल तर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

६. फोटो काढायचाच असेल तर लांबून, झूम करून. फुगा वाळूवर, हात खिशात!